वीस नंबरची तार आणि भाचीचं बीएस्सी

दुकानातलं पावती बुक संपलं की मी ते टाकून देत नाही. पानांची मागची कोरी बाजू हिशेबाला कामी येते. किती किलो तार आली, कोणाची मोटर किती दिवस पडून आहे, कोणाकडे किती बाकी आहे. यंदा मात्र एक पावती बुक वेगळंच भरलं. त्याच्या मागे माझ्या भाचीच्या पुढच्या चार-पाच वर्षांचा हिशेब आहे. मधे मधे चहाचे डाग, दोन पानं वार्निशनं चिकटलेली.

माझं यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. रब्बीत मरायला फुरसत नसते. हरभरा-गहू पाण्यावर आले की नेमकी एखादी फेज जाते, मोटर दोन फेजवर गुरगुरत राहते आणि दुसऱ्या दिवशी जळका वास घेऊन माझ्या ओट्यावर येते. जूनमध्ये पाऊस लागला की सगळे पेरणीत. दुकानात मी, पंखा आणि न नेलेल्या चार मोटरी. म्हणून आत्ता लिहायला बसलोय.

भाची गेल्या वर्षापासून आमच्याकडे आहे. तिच्या गावची शाळा दहावीपर्यंतच. अकरावीला एबी ग्रुप घेतला, म्हणजे गणितही आणि बायोही. आता बारावीत गेली. घरात सगळे धरून चालले होते की पोरगी नीट देणार. आमच्याकडे हुशार पोरगी म्हणजे नीट, मग लागली तर डॉक्टर, नाही लागली तर नर्सिंग नाहीतर बी-फार्म. हे इतकं ठरलेलं असतं की कोणी विचारतही नाही. तिनं फेब्रुवारीत सांगितलं की तिला फिजिक्स करायचं आहे. नीटचा अभ्यास करायचा नाही, फिजिक्स करायचं.

तिनं ते सांगितलं त्याच्या आदल्याच आठवड्यात एक गोष्ट झाली होती. ती आधी सांगतो.

पाच एचपीची थ्री-फेज मोनोब्लॉक, म्हणजे पंप आणि मोटर एकातच असलेली, आली होती. शेतकरी ओट्यावरच बसून, ओलिताची पाळी रात्रीची, मोटर आजच पाहिजे. जुनी कॉइल काढली, तार वीस नंबरची निघाली आणि माझ्याकडचं वीसचं बंडल संपलेलं. अशा वेळी आम्ही एक जुगाड करतो. जाड तार नसली तर तीन नंबर पातळ अशा दोन तारा जोडीनं भरायच्या. वीसच्या जागी दोन तेवीस. तारेचा नंबर वाढला की तार पातळ होते, हे बाहेरच्या माणसाला उलटं वाटतं. हा नियम मला कारंज्याच्या उस्तादांनी शिकवला, त्यांना त्यांच्या उस्तादांनी. मी वीस वर्षं असंच भरत आलो.

भाची कॉलेजातून आली होती आणि बाकड्यावर मायक्रोमीटर घेऊन खेळत होती. तिच्या कॉलेजात ते स्क्रू गेज म्हणतात आणि कपाटात ठेवतात. प्रॅक्टिकलचं जर्नल वरच्या वर्गाच्या पोरींकडून उतरवून पूर्ण, पण यंत्राला हात लावायला मिळाला तो आमच्या दुकानातच. तिनं आधी तार तशीच मोजली आणि आकडा जास्त आला. मी म्हटलं, वरचं एनॅमल मोजतेस तू. काडी लाव, जाळ, कापडानं पूस, मग मोज. मग तिला ०.९१ मिलिमीटर मिळाले. तेवीसची मोजली, ०.६१. मग बरीच वेळ गप्प. मी इकडे लेदराइड पेपर कापून स्लॉटमध्ये बसवत होतो.

"मामा, हे बरोबर नाई येऊन रायलं."

"काय नाई येऊन रायलं?"

"वीसच्या जाग्यावर दोन तेवीस कमी पडते."

"उस्तादांनी जिंदगीभर असंच भरलं, बाई."

"मंग उस्तादांच्या मोटरी गरम होत असन."

तिनं पावतीच्या मागे मांडून दाखवलं. करंट वाहतो तो तारेच्या जाडीतून, म्हणजे काप घेतल्यावर जो गोल दिसतो त्याच्या क्षेत्रफळातून. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. पाय (π) वगैरे दोन्हीकडे सारखंच, ते सोडून द्यायचं. तक्त्यातला वीस नंबरचा व्यास ०.९१४, त्याचा वर्ग ०.८३५. तेवीसचा ०.६१०, वर्ग ०.३७२, दोन तारांचे मिळून ०.७४४. म्हणजे तांबं अकरा टक्के कमी. रोध बारा टक्के जास्त, तेवढ्याच करंटला उष्णताही बारा टक्के जास्त.

मी म्हटलं, पण एकोणीसच्या जागी दोन बावीस भरतो तेव्हा मोटर तर थंड चालते. तिनं तेही मांडलं. एकोणीसचा १.०१६, वर्ग १.०३२. दोन बावीसचे मिळून १.०११. फरक फक्त दोन टक्के. म्हणजे उस्तादांचा नियम एकोणीसला लागू पडतो, वीसला पडत नाही, अठराला तर वीससारखाच फसतो. गेजचे नंबर सारख्या पायरीनं उतरत नाहीत, हे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं. मग तिनं बंडलांकडे बघितलं आणि म्हणाली, एक बावीस आणि एक चोवीस अशी जोडी घ्या. ०.५०६ आणि ०.३१२, मिळून ०.८१८. दोन टक्केच कमी.

तशीच भरली. मोटर अजून परत आलेली नाही. आमच्या धंद्यात याहून मोठं प्रशस्तिपत्र नसतं.

तर त्यानंतर आठवड्यानं तिनं फिजिक्सचं सांगितलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. ताईला वाटलं. ताई म्हणजे तिची आई, माझी मोठी बहीण. ती त्याच आठवड्यात आली, डब्यात तिळाचे लाडू घेऊन, आणि चपला काढायच्या आधीच विषय काढला.

"फिजिक्स करून का करन थे? मास्तरीण?"

"बघू ना ताई."

"बापू, तूही केलंच होतं ना बीएस्सी. मंग?"

तो "मंग?" अजून माझ्या कानात आहे. तिच्या मनात खोचक काही नव्हतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, की बीएस्सी केलेला भाऊ तार का भरतो. मी त्या दिवशी विषय बदलला. इथं बदलत नाही.

मी बीएस्सी केलं २००३ ते २००६. तेव्हा अमरावती विद्यापीठात तिन्ही वर्षं तीन विषय सारख्याच वजनाचे असायचे. बहुतेक पोरं फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स घेत. मला बारावीत गणितात काठावरचे मार्क होते, म्हणून मी गणित टाळलं. फिजिक्स, केमिस्ट्री, इलेक्ट्रॉनिक्स. फॉर्म भरायला सोबत कोणी नव्हतं, खिडकीतल्या बाबूनं "चालते" म्हटलं, मी सही केली. तीन वर्षं फिजिक्स आवडलं. शेवटच्या वर्षी एका मोठ्या संस्थेच्या एमएस्सीचं माहितीपत्रक हाती आलं. पात्रतेच्या रकान्यात लिहिलं होतं की बीएस्सीला गणित हवं. मी ते वाक्य चार वेळा वाचलं. मग घडी करून खिशात ठेवलं आणि कारंज्याला उस्तादांकडे गेलो.

दुकानाबद्दल मला वाईट वाटत नाही, खोटं कशाला बोलू. दुकानानं घर बांधलं. पण तो दरवाजा अभ्यास कमी पडला म्हणून बंद झाला नाही. अठराव्या वर्षी एका फॉर्मवर एक चौकोन रिकामा सोडला म्हणून बंद झाला, आणि तीन वर्षं मला ते कळलंही नाही. म्हणून पावती बुकाच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिला, गणित, आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

आता पद्धत बदलली आहे. नवीन शैक्षणिक धोरण आपल्या राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. आता तीन विषय सारखे नसतात. एक मेजर म्हणजे मुख्य विषय, एक मायनर म्हणजे जोडविषय, आणि बाकी क्रेडिट भरायला कौशल्याचे, भाषेचे, मूल्यांचे असे छोटे छोटे पेपर. तीन वर्षांनी थांबलं तर साधी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतं. चार वर्षांनंतर एमएस्सी एका वर्षाचं, तीन वर्षांनंतर दोन वर्षांचं. बेरीज तीच. पण चौथं वर्ष आपल्याकडच्या प्रत्येक कॉलेजात असतंच असं नाही, ते आधी विचारून घ्यावं लागतं.

कागदावर हे सगळं फार छान आहे. अडचण अशी की मायनरमध्ये काय मिळेल ते कॉलेजात कोणते मास्तर आहेत त्यावर ठरतं. आमच्या भागातल्या एका कॉलेजात विचारलं तर उत्तर आलं, फिजिक्स मेजरला गणित मायनर सध्या जुळत नाही, वेळापत्रकात बसत नाही, बॉटनी घ्या. फिजिक्सला बॉटनी! मी फोन ठेवून दिला. पोरगी हसत होती, मला मात्र २००३ ची खिडकी आठवली.

फिजिक्स हा शेवटी गणितात लिहिलेला विषय आहे. पहिल्या वर्षी मेकॅनिक्समध्येच डिफरन्शियल इक्वेशन येते, स्प्रिंगला टांगलेलं वजन वर-खाली होतं तेव्हाच. इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझममध्ये व्हेक्टर कॅल्क्युलस, क्वांटममध्ये मॅट्रिक्स आणि कॉम्प्लेक्स नंबर. ज्याचं गणित बीएस्सीच्या पहिल्या वर्षी सुटलं, तो दुसऱ्या वर्षापासून फिजिक्स पाठ करायला लागतो. मी केलं आहे, म्हणून सांगतो. आणि एमएस्सीला आयआयटीत जायचं तर जॅम नावाची परीक्षा असते, तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क, आणि फिजिक्सच्या त्या पेपरात मॅथेमॅटिकल मेथड्स हा पहिलाच घटक आहे.

दुसरं पान प्रयोगशाळेचं.

मेमध्ये आम्ही दोघं अमरावतीला गेलो. दारव्ह्याहून नेर, नेरहून अमरावती. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे २०२३ पासून, त्यामुळे तिचं निम्म्यात झालं आणि माझं पूर्ण, यावर ती वाटभर खूश. यादीत तीन कॉलेजं होती. त्यात विदर्भ महाविद्यालय होतं, १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेलं, आमच्या पट्ट्यातल्या पोरांना अजूनही "व्हीएमव्ही" म्हटलं की कळतं. पत्रकं तिन्हीकडे मिळतात. मला लॅब बघायची होती.

एका ठिकाणी सुट्टी असूनही लॅब असिस्टंट भेटले. काका निवृत्तीला आलेले, गळ्यात उपरणं, हातात चाव्यांचा जुडगा. मी मोटरवाला आहे म्हटल्यावर त्यांनी आधी त्यांच्या व्हॅक्यूम पंपाची मोटर आवाज करते ती दाखवली. बुश गेलं होतं, सांगितलं. मग त्यांनी पोरीला विचारलं, "का पायतं बाई?"

"न्यूटन्स रिंग," ती म्हणाली. भिंगाखाली उजेडाची एकात एक गोल कडी दिसतात तो प्रयोग. पुस्तकात चित्र बघितलेलं, खरं कधी नाही.

काकांनी सोडियमचा दिवा लावला. तो लावल्या लावल्या पिवळा होत नाही. आधी गुलाबी-लालसर मिणमिणतो, आतला सोडियम तापून त्याची वाफ व्हायला काही मिनिटं लागतात, मग हळूहळू सगळी खोली हळदीसारखी पिवळी होते. त्या उजेडात तिचा हिरवा दुपट्टा मातकट दिसायला लागला आणि ती तेच बघत बसली. काकांनी सपाट काचेवर फुगीर भिंग ठेवलं, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप खाली आणला आणि बाजूला झाले. ती डोळा लावून किती वेळ वाकून होती कुणास ठाऊक.

"मधात काळं काहून आहे?"

हा प्रश्न मला आवडला. भिंग आणि काच जिथं टेकतात तिथं अंतर शून्य, मग तिथं भिंगावरून आणि काचेवरून परतलेल्या उजेडाच्या दोन्ही लाटा एकसोबत यायला पाहिजेत, लख्ख उजेड पाहिजे. दिसतो काळा ठिपका. काका म्हणाले, एक लाट काचेवर आपटून परत येताना उलटी होते, अर्ध्या लहरीचा फरक पडतो, म्हणून दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. हे सांगताना त्यांनी दोन्ही हातांचे तळवे एकमेकांवर दाबले. पदवी त्यांची काय होती ते मी विचारलं नाही.

परत येताना मी तिला सांगितलं, दुसऱ्या कॉलेजात काय बघितलंस आठव. तिथं स्पेक्ट्रोमीटरवर प्लास्टिकचं कव्हर होतं आणि कव्हरवर बोट फिरवलं तर रेघ उमटली. इमारत नवीन होती, फरशी चकचकीत, स्वागताला स्क्रीन. विभागात कायम प्राध्यापक किती, विचारलं तर उत्तर लांबलं. फिजिक्सला एक, गणिताला सगळे तासिका तत्त्वावर. त्या मास्तरांचा काही दोष नाही. त्यांना तासाचे पैसे मिळतात, तेही वेळेवर नाही, आणि तास संपला की ते दुसऱ्या कॉलेजच्या गाडीवर बसतात. पण पोरीला चार वाजता अडलं तर विचारायचं कोणाला? मी पावतीवर लिहून ठेवलं: धूळ बघा, कायम मास्तर मोजा, लॅब पाचनंतर उघडी राहते का विचारा. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची ग्रेड मी लिहिली नाही. ती फलकावर मोठ्या अक्षरात असतेच.

आता बाहेरच्या दरवाजांबद्दल. हे आमच्याकडे कोणी सांगतच नाही, म्हणून जरा सविस्तर.

देशात सात आयसर आहेत, म्हणजे विज्ञान शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्था. पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती, बेरहामपूर. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा बीएस-एमएस. त्यासाठी आयएटी नावाची परीक्षा. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायो, प्रत्येकी १५ प्रश्न, एकूण ६०, तीन तास, बरोबर उत्तराला चार मार्क, चुकलं तर एक वजा. म्हणजे अकरावीत तिनं घेतलेला एबी ग्रुप कामाला आला. ज्यांनी बायो सोडलं त्यांना ते १५ प्रश्न कोऱ्या डोळ्यांनी बघावे लागतात. दुसरी परीक्षा नेस्ट. त्यातून भुवनेश्वरचं नायसर, तशीच एक संस्था, आणि मुंबईचं अणुऊर्जा विभाग व मुंबई विद्यापीठाचं केंद्र, इथं पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमएस्सी. तिथं निवड झाली तर दिशा योजनेतून वर्षाला ६० हजार शिष्यवृत्ती. या आकड्याभोवती मी ताईसाठी गोल काढून ठेवला.

हे फॉर्म येतात ते बोर्डाच्या परीक्षेच्या आसपास, जेव्हा पोरं जर्नल पूर्ण करत असतात आणि मास्तर दहावी-बारावीच्या ड्युटीवर असतात. माझ्या ओळखीतल्या तीन हुशार पोरांची तारीख अशीच निघून गेली. म्हणून जानेवारीपासून दर रविवारी सकाळी संकेतस्थळ उघडून बघायचं, हे काम माझं. तिचं काम अभ्यास. आणखी एक अडचण पुस्तकांची. या परीक्षा एनसीईआरटीच्या अंगानं असतात आणि आमच्याकडे बालभारतीचं पुस्तक. फार वेगळं नसतं, पण प्रश्न विचारायची तऱ्हा वेगळी. एनसीईआरटीची पुस्तकं नेटवर फुकट आहेत. फिजिक्सचे दोन्ही भाग झेरॉक्स करून स्पायरल केले. वीज गेली की फोन बघता येत नाही, कागद कंदिलातही वाचता येतो.

ती म्हणते आयसर पुणे. मी म्हणतो फॉर्म सगळे भर, पण अमरावतीचं पान फाडू नको. लागलं नाही तर चांगल्या लॅबचं कॉलेज, फिजिक्स मेजर, गणित मायनर, आणि तिथून पुन्हा दरवाजे आहेतच. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पदवीच्या पोरांसाठी एनआययूएस म्हणून उपक्रम चालतो. तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात संशोधनाची फेलोशिप देतात, दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली. मग जॅम आहे, टीआयएफआरची म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची परीक्षा आहे, संशोधन संस्थांच्या प्रवेशाची जेस्ट आहे. आमच्या वेळी यातलं काहीच नव्हतं असं मी सांगणार होतो, पण ते खोटं झालं असतं. काही गोष्टी तेव्हाही होत्या, आमच्यापर्यंत आल्या नाहीत.

ताईचा प्रश्न राहिला. फिजिक्स करून काय करणार.

मी तिला खरं तेच सांगितलं. शाळेत मास्तर व्हायचं तर बीएड, पात्रतेची टीईटी, भरतीची टेट, आणि अनुदानित संस्थेत जागा निघाली तर पुढे काय मागतात ते तिलाही माहीत आहे, आमच्या चुलतभावानं त्यात दोन एकर घातले. पण तेवढंच नाही. हवामान खात्यात सायंटिफिक असिस्टंटच्या जागा निघतात, त्याला बीएस्सीवाले बसतात, आणि त्या खात्याचं एक प्रादेशिक केंद्र नागपूरलाच आहे. एमएस्सीनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षण शाळा आहे. आणि एक असं काम आहे जे ताईला लगेच कळलं, मेडिकल फिजिसिस्ट. कॅन्सरच्या पेशंटला किरणांचा शेक देतात तो किती द्यायचा, कुठून द्यायचा, शेजारची चांगली जागा कशी वाचवायची, हे गणित करणारा माणूस. त्याला एमएस्सी फिजिक्स आणि वर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा लागतो. आमच्या आईला नागपूरला शेक दिले होते. ताई दीड महिना तिथं धर्मशाळेत राहिली होती. ती म्हणाली, "थो मशीनवाला नव्हता, काचेआड बसे थो?" मी म्हटलं, मशीन चालवणारा वेगळा, पण त्या मशीनला आकडे देणारा असाच कोणी. मग ती बराच वेळ लाडवाचा डबा उघडझाप करत राहिली.

भाऊजींचं म्हणणं साधं आहे. तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. पैसा किती लागेल ते एकदाच सांगा, दर महिन्याला नवीन आकडा नको. ते बरोबर आहे. मुलींच्या फी माफीचा जो २०२४ चा निर्णय गाजला तो व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे, बीएस्सी त्यात नाही, हे मी त्यांना आधीच सांगून टाकलं. गावात अर्धे लोक समजतात की मुलींना सगळंच फुकट झालं. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती आहे, पण तिचा पैसा उशिरा येतो, म्हणून पहिल्या वर्षाचा खर्च हातात धरूनच निघायचं. खोली, मेस, एसटी, पुस्तकं. त्या पानावर मी बोलणार नाही, ते आमच्या घरचं पान आहे. फक्त एवढं की एका रकान्यात "मामा" लिहिलं आहे आणि त्यापुढचा आकडा मी भाऊजींना दाखवला नाही.

पोरगी स्वतः काय म्हणते ते सांगायचं राहिलंच. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही सगळे औंढा नागनाथला गेलो होतो. हिंगोली जिल्हा आमच्याच जिल्ह्याला लागून. दर्शनाच्या रांगेत तीन तास. तिथं तिनं मला सांगितलं की याच तालुक्यात लायगो होणार आहे, गुरुत्वीय लहरी पकडायचं यंत्र, केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले. एकमेकांना काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर, आत लेझर. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली, दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली त्याची. चार किलोमीटरच्या नळीच्या लांबीत जो फरक पडला तो प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पट लहान. मी रांगेत नारळ धरून उभा, मागचे लोक ढकलतायत, आणि ही मला प्रोटॉन सांगतेय. मला तेव्हा त्यातलं निम्मंच कळलं. माझ्या मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटर दिसतो, त्याखाली मी अंदाजानं चालतो.

परवा मी तिला विचारलं, तुला तिथंच जायचं आहे का, त्या लायगोत. ती म्हणाली माहीत नाही. तिथपर्यंत पोचायला नऊ-दहा वर्षं लागतील, तेव्हा काय आवडेल कोण जाणे. फक्त इतक्या लहान गोष्टी मोजतात कशा ते आधी शिकायचं आहे.

मग तिनं पावती बुक माझ्या हातातून घेतलं आणि मागच्या पानावर तारांचं कोष्टक केलं. सोळा नंबरपासून सव्वीसपर्यंत, प्रत्येक नंबरचा व्यास, वर्ग, आणि ती तार नसली तर कोणती जोडी भरायची, किती टक्के कमी-जास्त. जिथं उस्तादांचा नियम चालतो तिथं टिक, जिथं फसतो तिथं फुली. ते पान मी फाडून वायंडिंग मशीनच्या वर भिंतीला लावलं आहे. काल कारंज्याहून उस्ताद आले होते. पंचाहत्तरी गाठली आहे, डोळ्याला कमी दिसतं. मी वाचून दाखवलं. वीसच्या फुलीवर थांबले, म्हणाले पुन्हा वाच. मग विचारलं, "लडकी को मशीन पे बिठाता है के नहीं?"

सोमवारी सेतूत जायचं आहे, उत्पन्नाचा दाखला काढायला. नॉन-क्रीमीलेयरचं नंतर. बारावी सुरू व्हायच्या आत दाखल्यांची फाइल तयार पाहिजे. ताईला फोन करून सांगितलं की रेशन कार्डाची झेरॉक्स पाठव. ती म्हणाली पाठवते, आणि विचारलं, पुण्याच्या त्या कॉलेजच्या मेसमध्ये भाकर मिळते का.